प्रश्नोत्तरे : सोळाव्या किलोमीटरपाशी काय होते?

डिसेंबरचा पहिला रविवार उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. १९८३ साली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून हा महिना शहरात धावण्याचा मानला जातो, आणि अलीकडे त्याच्या मागेपुढे इतर शर्यतीही होऊ लागल्या आहेत. यंदाची बहुतेक पत्रे अर्धमॅरेथॉनविषयी, म्हणजे २१ किलोमीटर ९७.५ मीटर अंतराविषयी आहेत. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण तेच दुखणे थोड्याफार फरकाने इतर अनेकांनीही कळवले आहे.

प्रश्न : मी ५१ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. गेली दीड वर्षे आठवड्यातून चार दिवस तळजाईच्या टेकडीवर धावते. सरावात मला एका किलोमीटरला साधारण साडेसात मिनिटे लागतात आणि सर्वांत लांब धाव १४ किलोमीटरची झाली होती. शर्यतीत पहिले ५ किलोमीटर ३२ मिनिटांत आणि १० किलोमीटर १ तास ७ मिनिटांत झाले. फार हलके वाटत होते. सोळाव्या किलोमीटरपाशी मात्र मांड्या दगडासारख्या झाल्या, पुढे बरेचसे अंतर चालावे लागले आणि २ तास ५१ मिनिटांनी मी पोहोचले. घरचे म्हणतात, पूर्ण केलीस हेच पुष्कळ. मला मात्र ते चालणे विसरता येत नाही. माझे वय झाले, की जिद्द कमी पडली?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आपण वेळा इतक्या नेमक्या लिहिल्या आहेत की उत्तर आपल्या पत्रातच सापडते. सरावाच्या वेगाने पहिल्या ५ किलोमीटरना साडेसदतीस मिनिटे लागायला हवी होती; ती ३२ लागली. दहाव्या किलोमीटरला आपण स्वतःच्या पुढे ८ मिनिटे होता. उरलेल्या ११.१ किलोमीटरना त्याच वेगाने सुमारे ८३ मिनिटे पुरली असती, ती १०४ लागली. थोडक्यात, पूर्वार्धात ८ मिनिटे मिळवली आणि उत्तरार्धात २१ गमावली. सुरुवातीपासून सरावाचाच वेग राखला असता, तर शर्यत २ तास ३८ मिनिटांच्या आसपास संपली असती. यात वयाचा दोष मला दिसत नाही, आणि जिद्द नसती तर दगड झालेल्या मांड्यांनी पुढचे पाच किलोमीटर कोणी पार करत नाही.

आता शरीरात काय घडले ते पाहू. धावताना स्नायू चरबी आणि कर्बोदके ही दोन्ही इंधने एकाच वेळी वापरतात, परंतु वेग वाढला की कर्बोदकांचा वाटा वाढत जातो. ही कर्बोदके स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असतात आणि त्या साठ्यातून साधारण १,६०० ते २,००० कॅलरी मिळू शकतात. धावण्याचा खर्च ढोबळ मानाने दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी इतका येतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला अर्धमॅरेथॉनसाठी जवळपास १,२७० कॅलरी लागतात, आणि त्यातील काही भाग चरबी उचलते. म्हणजे नीट जेवलेल्या माणसाचा साठा या अंतरात रिकामा होण्याचे कारण नाही. पूर्ण मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या पुढे जिला धावणारे ‘भिंत’ म्हणतात, ती आपल्याला लागलेली नसावी. आपल्याला जे लागले ते तीन गोष्टींचे मिश्रण होते.

पहिली गोष्ट वेगाची. किलोमीटरला एक मिनिट अधिक वेग म्हणजे थोडासा अधिक श्रम, असे वाटते. पण प्रत्येकाच्या शरीराला एक उंबरठा असतो, आणि त्याच्या पलीकडे श्वास, हृदयाची गती आणि स्नायूंचा थकवा हे सारे एकदम चढू लागते. सुरुवातीच्या थंडीत आणि उत्साहात ते जाणवत नाही. दुसरी गोष्ट सरावाच्या लांबीची. पायाच्या स्नायूंना १४ किलोमीटरपर्यंतचे आघात परिचित होते. त्यापुढचे प्रत्येक पाऊल त्यांना नवे होते, आणि दर पावलाला शरीराचे वजन झेलून स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होत जाते. म्हणूनच दुखणे सोळाव्या किलोमीटरला आले, अकराव्याला नाही. तिसरी गोष्ट उन्हाची. पुण्यात डिसेंबरात पहाटेचा पारा १२ अंशांच्या आसपास असतो आणि आपण कुडकुडत सुरुवात करतो, परंतु आठ-साडेआठनंतर डांबरी रस्त्यावर ऊन चांगलेच जाणवू लागते. घामाने रक्तातील द्रव कमी होतो, त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते, आणि तोच वेग राखण्यासाठी हृदयाला अधिक वेळा धडधडावे लागते. जे सर्वांत हळू धावतात त्यांना हे ऊन सर्वांत जास्त वेळ सोसावे लागते, याचा विचार शर्यतीच्या वेळा ठरवणाऱ्यांनी अधिक करायला हवा असे मला मनापासून वाटते. त्यात आपले शहर सपाट नाही. नदी ओलांडणारा कोणताही रस्ता आधी उतरतो आणि मग चढतो, आणि परतीच्या वाटेवर तोच उतार चढ होऊन समोर येतो.

पहिले पाच किलोमीटर वेगाने का जातात, हे मी स्वतः अनुभवले आहे. मी पहिली अर्धमॅरेथॉन धावले तेव्हा ४४ वर्षांची होते. अंधारात हजारभर माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, हवेत वेदनाशामक मलमांचा वास असतो, कोणाचा तरी ध्वनिक्षेपक आकडे उलटे मोजत असतो आणि सुरुवात होताच पहिल्या चौकात ढोल-ताशाचे पथक उभे असते. अशा वेळी पाय आपले राहत नाहीत. मी पहिले तीन किलोमीटर आयुष्यात कधी धावले नव्हते इतक्या वेगाने धावले, आणि शेवटच्या चार किलोमीटरांत रस्त्याकडेच्या झाडांची खोडे मोजत, ‘त्या झाडापर्यंत धावायचे, पुढच्या झाडापर्यंत चालायचे’ असे करीत सारसबागेजवळ पोहोचले. पाणी देणारी शाळकरी मुले ‘आलंच काकू, आलंच’ म्हणत होती, आणि मला रडू येत होते.

पुढच्या वर्षी मी एकच नियम पाळला. सुरुवातीला माझ्या पुढे पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ अगदी संथ, एका लयीत धावत होते. आठव्या किलोमीटरपर्यंत त्यांच्या पुढे जायचे नाही, असे मी ठरवले. शेकडो माणसे आम्हांला मागे टाकून गेली आणि ते सोसणे हा त्या दिवसाचा सर्वांत अवघड भाग होता. पंधराव्या किलोमीटरनंतर त्यांतलीच बरीच माणसे कमरेवर हात ठेवून चालताना दिसू लागली. त्या वर्षी माझी वेळ १९ मिनिटांनी सुधारली, आणि वर्षभरात माझ्या ताकदीत तेवढी वाढ खचितच झाली नव्हती.

आपण पुढच्या वर्षासाठी बारा आठवडे हाताशी ठेवावेत. रविवारची लांब धाव १० किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवावी, दर चौथ्या आठवड्याला ती मुद्दाम कमी करावी आणि शर्यतीपूर्वी दोन-तीन आठवडे असताना १८ किंवा १९ किलोमीटरपर्यंत न्यावी. या धावेचा वेग घड्याळावर ठरवू नये. धावता धावता सतराचा पाढा मध्ये धाप न लागता म्हणता आला, तर वेग योग्य आहे. तेराचा म्हणतानाच दम तुटत असेल, तर तो कमी करावा. तळजाईची माती पायांना सुखाची आहे, पण शर्यत डांबरावर असल्यामुळे दोन रविवारांतून एकदा तरी रस्त्यावर धावावे, आणि लांब धावांपैकी दोन-तीन मुद्दाम थोड्या उशिरा सुरू करून उन्हात संपवाव्यात. उन्हाची सवय अंगाला दहा-पंधरा दिवसांत लागते. शेवटचे दोन आठवडे अंतर घटवावे; त्या काळात केलेला जादा सराव शर्यतीत उपयोगी पडत नाही, फक्त थकवा देतो.

शर्यतीच्या दिवशी पहिले ३ किलोमीटर सरावाच्या वेगापेक्षाही किंचित संथ जावेत. आपल्या बाबतीत पहिले ५ किलोमीटर ३८ मिनिटांच्या आत झाले, तर ते चुकले असे समजावे.

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज ६ किलोमीटर चालतात. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, रक्तदाबाचीही गोळी आहे. आता त्यांनी अर्धमॅरेथॉन धावायचे मनात घेतले आहे आणि आम्ही विरोध केला की ते फौजा सिंग यांचे नाव घेतात. त्यांना कसे थांबवावे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : त्यांना थांबवू नये, परंतु या डिसेंबरात धावूही देऊ नये. फौजा सिंग यांनी वयाच्या ८९ व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन आणि २०११ साली, शंभरी गाठल्यावर, टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली, हे खरे आहे. वय हा अडसर नसतो एवढे त्यावरून सिद्ध होते. मधुमेह आणि रक्तदाब यांचा हिशेब त्यातून होत नाही.

मी प्रशिक्षक आहे, डॉक्टर नाही. म्हणून पहिली पायरी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी चांगला आला एवढ्यावर समाधान मानू नये, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करावी का ते स्पष्टपणे विचारावे. मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे हेही फार महत्त्वाचे असते, कारण काही गोळ्यांमुळे आणि इन्सुलिनमुळे लांब व्यायामात रक्तातील साखर एकाएकी खाली जाऊ शकते आणि त्या दिवशीच्या मात्रेत डॉक्टरांना बदल करावा लागतो. हात थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. धावणाऱ्याला घाम आधीच आलेला असतो, त्यामुळे ती सहज नजरेआड होतात. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या असाव्यात आणि सोबतीला माहिती असलेला माणूस असावा. मधुमेहात पायाची संवेदना कमी होत असेल तर फोड आलेला कळतही नाही, म्हणून प्रत्येक धावेनंतर बोटांच्या बेचक्यांसह तळपाय पाहावेत. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ, यांतले काहीही जाणवले तर त्याच पावलाला थांबावे. तापातून उठल्यावर लगेच धावू नये. शर्यतीआधी ‘खबरदारी म्हणून’ वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत मी अनेकांत पाहते. घाम गाळत असताना ती मूत्रपिंडांवर भार टाकते, तेव्हा ती कोणीच घेऊ नये.

परवानगी मिळाली तर चालण्यात धावणे मिसळावे. चार मिनिटे चालून एक मिनिट धावणे, मग हळूहळू हे प्रमाण उलटे करणे. यंदा ५ किलोमीटरची, पुढे १० किलोमीटरची शर्यत, आणि सगळे ठीक असल्यास पुढच्या वर्षी २१. आपणही त्यांच्याबरोबर सकाळी बाहेर पडलात, तर घरातील वाद निम्मा तेथेच मिटेल.

प्रश्न : मी महिन्याची संकष्टी आणि दोन्ही एकादश्या करते. उपास शनिवारी आला की रविवारची लांब धाव कशी करावी? शिवाय धावताना सगळे ऊर्जेसाठी पाकिटातली गोड जेल खातात. ती मला सोसत नाही. तिच्याशिवाय चालेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : संकष्टीचा प्रश्न मुळात सोपा आहे, कारण चंद्रोदयानंतर उपास सुटतो आणि ताटात वरणभात असतो. दुसऱ्या दिवशीच्या धावेसाठी याहून बरे जेवण नाही. फक्त ते उशिरा होते, म्हणून तळलेले आणि जड पदार्थ त्या रात्री टाळावेत, उकडीचा मोदक खुशाल घ्यावा आणि रविवारी तासभर उशिरा निघावे. एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी सुटत असल्यामुळे तेथे खरी अडचण आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे तो धावणाऱ्याला उपयोगीच आहे. पण खिचडीतले दाण्याचे कूट आणि तूप पोटात रेंगाळते. त्यापेक्षा साबुदाण्याची पातळ खीर, उकडलेली रताळी, केळी, राजगिऱ्याचा लाडू असे दिवसभर थोडे थोडे घ्यावे. निर्जळी एकादशी आणि लांब धाव यांची सांगड घालू नये. तो उपास करायचाच असेल तर त्या आठवड्यातील लांब धाव शुक्रवारी उरकावी.

जेलविषयी आपण लिहिलेत ते बरे झाले, कारण तिच्यावाचून धावताच येत नाही असा समज पसरला आहे. दोन-अडीच तासांच्या धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके मिळावीत अशी साधारण शिफारस आहे. एका पाकिटात २० ते २५ ग्रॅम असतात. मध्यम केळ्यातही जवळपास तेवढीच. बी काढलेले खजूर, गुळाचे लहान खडे, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत यांनी काम भागते. चिक्की मात्र धावताना नको, ती चावताना श्वास अडकतो. पहिला घास भूक लागण्याची वाट न पाहता पाऊण तासाच्या आत घ्यावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. प्रत्येक टेबलावर पेलाभर प्यायलेच पाहिजे असे मानणारे हळू धावणारे लोक कधी कधी इतके पाणी पितात की रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरते, आणि मळमळ व डोकेदुखी होऊ लागली की ती पाणी कमी पडल्याची खूण समजून आणखी पितात.

शर्यतीच्या सकाळी दोन तास आधी जे खायचे, ते आधीच्या किमान तीन लांब धावांपूर्वी खाऊन पाहिलेले असावे. चहाची सवय असेल तर चहा सोडण्याचे कारण नाही.

प्रश्न : धावल्याने गुडघे झिजतात, असे ओळखीचे सगळे सांगतात. वेताळ टेकडीवर धावणे बरे की रस्त्यावर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हौसेने, मर्यादेत धावणाऱ्यांचे गुडघे बैठे आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा अधिक झिजतात, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही, उलट प्रमाण थोडे कमीच दिसते. आधीची दुखापत, वाढलेले वजन आणि एकाएकी वाढवलेले अंतर यांनी गुडघे बिघडतात. टेकडी आणि रस्ता दोन्ही असू द्या. टेकडीवर उतरताना मात्र सावकाश, कारण मांड्यांना खरा मार उतारावरच बसतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो. गुडघ्याला सूज आली किंवा लंगडावे लागले तर धावणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : माझ्या पहिल्या अर्धमॅरेथॉनला ३ तास २५ मिनिटे लागली. शेवटच्या पाच किलोमीटरांत पाण्याची टेबले उचललेली होती, रस्ता वाहनांना खुला झाला होता, आणि मी पोहोचले तेव्हा कमान उतरवत होते. एका मुलाने खोक्यातून पदक काढून हातात दिले. मैत्रिणींना मी वेळ सांगितलेली नाही. मी स्वतःला धावपटू म्हणावे का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : म्हणावे. आणि वेळही सांगावी.

आपल्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२० साली दिल्लीत हेच अंतर १ तास ३० सेकंदांत पार केले. तो वेग डोळ्यांत साठवावा असा आहे. पण ते घरी जाण्याच्या तयारीत असतील, तेव्हा आपल्यासारख्या धावकाचे तेरा-चौदा किलोमीटर उरलेले असतात, ऊन चढत असते, आजूबाजूची गर्दी पांगलेली असते आणि प्रोत्साहन द्यायला कोणी थांबलेले नसते. अशा रस्त्यावर, वाहनांमधून वाट काढत, पाण्यावाचून आपण पाच किलोमीटर पुढे गेलात. ते श्रम मी कमी लेखू शकत नाही.

आयोजकांविषयी माझे मत स्पष्ट आहे. नावनोंदणी करताना कमाल वेळ जाहीर केलेली असेल, तर त्या क्षणापर्यंत पाणी, वैद्यकीय मदत आणि सुरक्षित रस्ता पुरवणे हे त्यांचे कर्तव्य आहे, कारण शुल्क सर्वांकडून सारखेच घेतलेले असते. आपली शर्यत किती वेळेची होती हे माहितीपत्रकात पाहा. तीत साडेतीन तास लिहिलेले असतील तर आयोजकांना तारीख आणि वेळांसह लेखी कळवा, त्रागा न करता, पण कळवाच. पुढच्या वेळी कमाल वेळ पाहूनच नाव द्या आणि कमरेच्या पट्ट्यात अर्धा लिटर पाणी ठेवा. वाहतूक सुरू झाली असल्यास पदपथावर या. त्याने अंतर कमी होत नाही.

गेली काही वर्षे मी डिसेंबरात स्वतः न धावता अठराव्या किलोमीटरपाशी पाण्याच्या टेबलावर उभी राहते. आमचा ठरलेला रिवाज असा आहे की टेम्पो भरायला आला तरी दोन जार आणि एक केळ्यांची फणी खाली ठेवायची, आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराने ‘आता कोणी नाही’ असे सांगेपर्यंत जागा सोडायची नाही. गेल्या वर्षी शेवटच्या बाई आल्या तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. त्यांनी पाणी घेतले, अर्धे केळे खाल्ले, ‘अजून किती?’ असे विचारले, आणि ‘तीन’ हे ऐकून मान हलवून पुन्हा धावू लागल्या.